कागदाच्या वर चार बोटं

१

अपघातानंतर पवनला एकाचे दोन दिसायला लागले, तेव्हा पहिले आठ दिवस त्याने त्याची चेष्टाच केली. "दोन-दोन बायका दिसतात. लोक एकीलाच वैतागतात," असं आल्यागेल्याला सांगायचा. मी म्हणायचे, "वैताग तर खरं. दोघी मिळून बडवू."

चेष्टेसारखं काही नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. ऑगस्टात भुशीच्या उतारावर त्याची मोटरसायकल शेवाळावरून घसरली आणि डोकं कठड्यावर आपटलं. हेल्मेट होतं म्हणून जीव वाचला, पण डोळा हलवणारी एक नस दुखावली. पवन कंपनीची बस चालवतो. सकाळी कार्ल्याच्या फाट्यावरून चाळीस माणसं तळेगावच्या एमआयडीसीत न्यायची, संध्याकाळी परत आणायची. कंपनीने सांगितलं, एक डिसेंबरपर्यंत डोळ्यांचं सर्टिफिकेट आणा, नाहीतर गाडी दुसऱ्याच्या हातात देतो. सोळा वर्षं स्टिअरिंग धरलेला माणूस. घरी बसून हायवेवरच्या हॉर्नवरून ओळखायचा, कोणती बस आज उशिरा चाललीय. ते ऐकलं की मला भरून यायचं.

मी, प्रतीक्षा, लोणावळ्याच्या बाजारात एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. चौदा वर्षं झाली. त्यामुळे पुण्याच्या डॉक्टरांनी जेव्हा सांगितलं, "नस सावरेल, पण दोन्ही डोळ्यांना परत एका जागी यायची सवय लावावी लागेल, रोज व्यायाम," तेव्हा मी म्हटलं, हे काम माझं.

लाल-निळं चित्र तुम्ही पाहिलं असेल. एकच देखावा दोनदा टिपायचा, एकदा डाव्या डोळ्याच्या जागेवरून, एकदा उजव्या. एक लाल रंगात छापायचा, दुसरा निळ्या, एकावर एक. नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर प्रत्येक वस्तूला लाल आणि निळी अशा दोन कडा दिसतात, छपाई चुकल्यासारख्या. एक काच लाल आणि एक निळी असा चष्मा लावला की दोन कडांची एक होते आणि वस्तू कागदावरून वर उचलली जाते. कडांमधलं अंतर जेवढं जास्त, तेवढी ती वर, तेवढी डोळ्यांच्या जवळ. जवळचं बघायला डोळ्यांना आत वळावं लागतं. व्यायाम तो एवढाच.

त्याचे नियम असतात. कडांमधलं अंतर सात मिलिमीटरच्या वर न्यायचं नाही. त्यापुढे डोळे ओढतात, कपाळ ठणकतं, मळमळतं. दहा मिनिटंच बसायचं, मधेमधे खिडकीबाहेर लांब बघायचं. डोळ्यांना छळून डोळे सुधारत नाहीत, हे मी पेशंटना दिवसातून चारदा सांगते.

आणि खरंच दिसतंय की नुसतं 'हो हो' चाललंय, हे ओळखायची एक पद्धत आहे. चिमटीत धरा म्हणायचं. कागदावर फुलपाखरू असेल तर माणूस हवेतच, दोन बोटं वर, त्याचा पंख धरायला जातो. चिमूट मिटते. बोटांची टोकं एकमेकांना टेकतात, कारण मधे काही नसतंच. टेकली की लोक हसतात, मोठी माणसंसुद्धा.

२

तिसऱ्या दिवशी पवन फुलपाखराला विटला. "काय बालवाडी लावलीय?" म्हणाला. म्हणून मी घरातलीच चित्रं करायला घेतली.

त्याला काही भारी कॅमेरा लागत नाही. मोबाइल छातीशी धरायचा, भार डाव्या पायावर टाकून एक फोटो, मग न हलता भार उजव्या पायावर टाकून दुसरा. तेवढ्यात कॅमेरा दोन डोळ्यांमधल्या अंतराएवढा सरकतो. फोटो दुकानातल्या कॉम्प्युटरवर लाल-निळे करायचे आणि छापायचे. यात एकच गोची असते. दोन फोटोंच्या मधे काही हललं, तर त्याच्या कडा उगाच लांब पडतात आणि ते आहे त्याहून जवळ दिसतं. झाडाखालची हललेली शेळी पानांच्या पुढे तरंगताना मी पाहिलीय.

पहिलं चित्र पुढच्या खोलीचं केलं. टेबल, त्यावर तांब्या, मागे टीव्ही, आणि स्वयंपाकघराच्या दाराला पडदा. सकाळी नऊला चहा झाल्यावर पवन टेबलाशी बसला. सासूबाई, म्हणजे चिमाबाई, शेजारी लसूण सोलत होत्या. त्यांचा उजवा डोळा काचबिंदूने गेलेला, त्यामुळे त्यांना यातलं काही दिसायचं नाही. एकदा हौसेने चष्मा लावून बघितला आणि म्हणाल्या, "मला तर कागुद कागुदच दिसतोय. उगं पैसं घालवताय."

"तांब्या धरा," मी म्हटलं. सासूबाईंसमोर मी त्याला अहो-जाहो करते, एकटे असलो की तू.

त्याने बरोबर तीन सेंटिमीटर वर चिमूट घेतली. मी पट्टी धरून मोजलं. खुर्ची धरली, टीव्हीचा कोपरा धरला. मग न सांगता त्याचा हात दाराकडे गेला आणि खूप वर जाऊन मिटला. कागदाच्या वर चार बोटं.

"हे कोण आहे?" तो म्हणाला.

"कोण म्हणजे?"

"पडद्याला लागून उभं आहे ते. काडीएवढं. आई, तू होतीस का?"

"मी न्हाई बा. मी शेजारी शालूबाईकडं गेलते," सासूबाई म्हणाल्या.

मी कागद उजेडात धरला. दाराच्या चौकटीजवळ एक बारीक लाल कड होती आणि तिच्यापासून बरंच लांब एक निळी. पट्टी लावली. चौदा मिलिमीटर. नियमाच्या दुप्पट. मी कपाळावर हात मारला. "पडदा हलला असणार मधल्या वेळात. माझंच चुकलं," मी म्हटलं आणि कागदाच्या मागे पेन्सिलीने १४ लिहिलं, आणि पुढे 'पडदा' लिहिलं.

तो चष्मा काढेपर्यंत त्याची बोटं तिथेच हवेत होती.

३

आमच्या घरात भुताखेताचं नाव काढायची सोय नाही. पवनचे आजोबा केरबा, त्यांनी छप्पन सालानंतर देव्हाऱ्यातलं सगळं टोपलीत भरलं आणि इंद्रायणीत सोडून आले. त्यानंतर या घरात ना कुणाच्या अंगात आलं, ना कुणाची नजर काढली. सासूबाई त्या बाबतीत माझ्याहून कडक. शेजारची अंबूबाई एकदा पवनवरून लिंबू उतरवायला आली होती, तिला त्यांनी त्याच लिंबाचं सरबत करून पाजलं.

सांगायचं एवढ्यासाठी की दुसरं चित्र बघितल्यावरही माझ्या डोक्यात तसलं काही आलं नाही.

दुसरं चित्र औंढ्याचं होतं. माझ्या माहेरचं भात कापायला आलेलं. बांधावर उभी राहून मी फोटो काढले. समोर पिवळं शेत, लांब दोन बायका वाकलेल्या, बाकी चिटपाखरू नाही. छापून आणलं, पवनने चष्मा लावला आणि मी काही म्हणायच्या आत म्हणाला, "परत आलंय."

"काय परत आलंय?"

"तेच. आता करंगळीएवढं आहे. पाठ करून उभं आहे बघ."

सासूबाई अंगणात होत्या. मी त्याच्या हातातून चष्मा ओढून घेतला आणि स्वतः लावला. एक क्षण नुसता गोंधळ दिसला, मग डोळे जुळले. शेत खाली पसरलं. आणि शेताच्या खूप वर, कागदापासून सुटं, कुणाची तरी पाठ होती. खांदे, मान, डोक्याचा मागचा भाग. कपडे कसले ते कळत नव्हतं. पुरुष की बाई तेही नाही. ते शेताकडे तोंड करून उभं होतं आणि तरी माझ्या जवळ होतं. मी डावा डोळा मिटला तर ते गेलं, फक्त एक रंगीत पट्टा उरला. उजवा मिटला तर दुसरा पट्टा. दोन्ही उघडले की परत पाठ.

कपाळात कळ आली, मी चष्मा काढला.

"कापणीवाल्या बायकांपैकी कुणी हलली असेल," मी म्हटलं.

"बायका तिकडे आहेत, प्रतीक्षा. हे अलीकडे आहे."

"हललं की अलीकडे येतं. सांगितलं ना तुला." माझा आवाज चढला. खोटं नव्हते बोलत, मला तसंच वाटत होतं. पट्टी लावली तर वीस मिलिमीटर निघाले. मी कागदाच्या मागे २० लिहिलं आणि पुढे काय लिहावं ते सुचलं नाही.

४

हलल्यामुळे होत असेल तर हलूच द्यायचं नाही. मी दोन मोबाइल एका पट्टीवर रबराने बांधले, माझा आणि पवनचा, मधे साडेसहा सेंटिमीटर. दोन्ही एकदम दाबायचे. आता मधे वेळच नाही तर हलणार काय?

अंगणात गेलो. ऊन चांगलं वर आलं होतं, समोर भाताच्या पेंढ्या वाळत घातल्या होत्या, पलीकडे खाचरं. पवनने पट्टी धरली, मी एका मोबाइलवर बोट ठेवलं, त्याने दुसऱ्यावर. सासूबाईंना मोजायला लावलं. "येक, दोन, तीन," त्या म्हणाल्या, "आता हसा."

संध्याकाळी छापलेला कागद पिशवीत घालून लोणावळ्याहून एसटीने येताना मी तो तीनदा बाहेर काढून बघितला. चष्मा लागतच नव्हता. लाल कड इथे, निळी कड तिथे, मधे दोन बोटं मावतील एवढी जागा. सत्तावीस मिलिमीटर.

मला आकडेमोड येते, हाच माझा शाप झाला. दोन मोबाइल साडेसहा सेंटिमीटरवर, दोन्ही एकाच क्षणी दाबलेले. एवढं अंतर पडायला ती वस्तू मोबाइलपासून किती लांब असायला हवी, ते मी तिकिटाच्या मागे काढलं. दोन हात. परत काढलं. दोनच हात.

आम्ही तिघंही मोबाइलच्या मागे उभे होतो. समोर दोन हातांवर उघडं अंगण होतं, शेणाने सारवलेलं, आणि त्यावर ऊन.

मी घाबरले. सरळ सांगते. कार्ल्याचा फाटा आला तरी उठले नाही, कंडक्टरने हाक मारल्यावर उतरले. घरी आल्यावर अंगणातून दारापर्यंत जायला मी भिंतीकडेने गेले. स्वतःच्या घरात, दिवेलागणीच्या आधी, चोरासारखी.

पवनला त्यातलं काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने चष्मा लावला. मीही दुसरा चष्मा लावून बघितलं, पण मला ते एक होईनाच. माझे डोळे तेवढे आत वळेनात. चित्र फुटलं, दोन पाठी दिसल्या, पोटातून ढवळून आलं. पवनला मात्र एकच दिसत होती. एकाचे दोन दिसतात म्हणून ज्याला घेऊन बसले होते, त्याला.

"बघ, मी तुझ्यापुढे गेलो," तो हसत म्हणाला. त्याची चिमूट आता कागदापासून खूप वर होती.

"ते काय करतंय?"

"काही नाही. पाठ करून येतंय. उलट्या पावलांनी."

५

नोव्हेंबरच्या मधे पुण्याला दाखवायला गेलो. डॉक्टरांनी पेन समोर धरून हलवलं, भिंगं लावली, काढली, परत लावली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, तीन आठवड्यांत एवढा फरक मी पाहिला नाही. काय करता तुम्ही?"

"फोटो करते घरातले," मी म्हटलं.

"हेच चालू ठेवा."

येताना पवनने माझा हात धरून ठेवला होता. "गाडी मिळणार बघ," असं दोनदा म्हणाला. लोहगडाचा डोंगर दिसायला लागल्यावर मात्र खिडकीबाहेर बघायला लागला. मग म्हणाला, "प्रतीक्षा, ते चित्रातून काढता येईल का गं? नुसतं शेत, नुसतं घर असं. मला ते आवडत नाही."

"लगेच काढते," मी म्हटलं. मला तेच हवं होतं.

काढणं अवघड नव्हतं. कॉम्प्युटरवर लाल पट्टा पुसला, निळा पुसला, शेजारची भिंत ओढून वर लावली. स्वच्छ चित्र. सगळ्या कडा सात मिलिमीटरच्या आत. मी नियमाने चालणारी बाई आहे, मला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी येताना मी आपल्या नेहमीच्या कोपऱ्यावरची नव्हे, मगनलालची चिक्की आणली.

तीन दिवस त्या चित्रांवर व्यायाम झाला. चौथ्या दिवशी पवन चहा ओतताना थांबला. "दोन कप दिसतात," म्हणाला. चेष्टा केली नाही. कप खाली ठेवला आणि खिडकीशी जाऊन बसला. फाट्यावर एक हॉर्न वाजला, त्याचीच बस होती, बदली ड्रायव्हर चालवत होता. "क्लच जाळतोय हा," एवढंच म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, मला दिसू नये म्हणून मान फिरवून बसला.

एक तारखेला दहा दिवस उरले होते.

आता मी जे केलं ते मी केलं, कुणी करायला लावलं नाही. दुकानात जाऊन जुन्या फाइल उघडल्या. पुसलेलं सगळं परत आणलं. लाल पट्टा त्याच्या जागी, निळा त्याच्या जागी, अगदी मिलिमीटरला मिलिमीटर. काम चोख केलं. छापून घरी आणलं आणि टेबलावर ठेवलं.

पवनने कागद बघितला. मग माझ्याकडे बघितलं.

"दहा दिवस," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला आणि चष्मा लावला.

६

त्या दहा दिवसांत मी रोज नवं चित्र केलं, कारण जुन्यात ते तिथेच थांबायचं आणि नव्यात पुढे यायचं, आणि पुढे आल्याशिवाय त्याचे डोळे आणखी वळत नव्हते. आकडे लिहीत गेले. छत्तीस. चव्वेचाळीस. एकावन्न. कागदावर आता ते पंज्याएवढं होतं. माझ्या डोळ्यांना तर फक्त दोन रंगीत डाग दिसायचे, आणि तेही मी तिरकेच बघायचे.

सासूबाईंना काही सांगितलं नव्हतं. पण त्यांनी एक दिवस लसणाचं सूप उचललं आणि आत जाऊन बसायला लागल्या.

"इथेच बस की आई," पवन म्हणाला.

"नगं. तितं दाटी वाटती," त्या म्हणाल्या. खोलीत आम्ही दोघंच होतो.

अठ्ठावीस तारखेला त्रेसष्ट मिलिमीटर झाले. दोन डोळ्यांमधलं अंतर तेवढंच असतं. म्हणजे ते कागद आणि पवनचं नाक यांच्या बरोबर मधे होतं, वीतभर वर. शहाण्यासुरत्या माणसाचे डोळे इथे हात टेकतात. पवनची बुबुळं नाकाकडे वळली होती, घट्ट, आणि तो डोळे न मिचकावता बघत होता. कपाळावर घाम आला होता. बाहेर लख्ख ऊन, हायवेवर गाड्या, शालूबाई कुणाला तरी शिव्या देत होती. खोलीत मात्र पवनचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"धर," मी म्हटलं. सवयीने निघून गेलं तोंडातून.

त्याने हात उचलला. चेहऱ्यासमोर वीतभरावर आणला. आणि थांबला.

"नको," तो म्हणाला. अगदी हळू, कुणी झोपलेलं उठेल अशा आवाजात.

"काय झालं?"

"वळलं."

मी झडप घालून त्याचा चष्मा काढला. कागद पालथा केला. त्याला गदागदा हलवलं, पाणी दिलं. "कसं होतं? पवन, कोण होतं?" तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, खूप वेळ, नवीनच बघत असल्यासारखा. मग म्हणाला, "काही नाही गं. ओळखीचंच वाटलं." आणि उठून आंघोळीला गेला.

दुसऱ्या दिवशी मी चित्र काढणारच नव्हते. त्यानेच पट्टी काढली, मोबाइल बांधले आणि खोलीचा फोटो घेतला. छापून आणला तर त्यात काही नव्हतं. टेबल, तांब्या, टीव्ही, पडदा. सगळ्या कडा सात मिलिमीटरच्या आत. मी भिंग घेऊन इंच-इंच बघितलं.

"गेलं," पवन म्हणाला.

मला रडू फुटलं. सगळे कागद गोळा केले, चुलीत घातले, राख होईपर्यंत तिथे उभी राहिले. फोटोत जे कॅमेऱ्याच्या पुढे असतं तेच येतं, मागे असतं ते येत नाही, ही एवढी साधी गोष्ट त्या वेळी माझ्या डोक्यात आली नाही.

७

सर्टिफिकेट मिळालं. दोन्ही डोळे उत्तम, जवळचं-लांबचं उत्तम, अंतराचा अंदाज उत्तम. दोन तारखेला पवन गाडीवर गेला. फाट्यावरून निघताना दोनदा हॉर्न दिला, तो आमच्यासाठी. "तुझ्यामुळे गाडी परत मिळाली," संध्याकाळी म्हणाला, आणि मी त्याला म्हटलं, "मग पेढे कुठायत?" घर परत घरासारखं झालं.

काल दुपारी अंगणात तांदूळ निवडताना सासूबाई म्हणाल्या, "प्रतीक्षा, येक इचारू का?"

"विचारा की."

"पवन तुज्याशी बोलताना कुटं बघतो गं?"

"माझ्याकडे. अजून कुठे?"

"न्हाई." त्यांनी तांदळातून खडा काढून बाजूला टाकला. "माज्याकडं बघतो, गाडीकडं बघतो, तवा नीट बघतो. तुज्याकडं बघताना त्याची बुबळं आत वळत्यात. त्ये कागुद घिऊन बसायचा ना, तशी. मला येकच डोळा हाय, पर त्यो लय बघतो."

मी हसण्यावारी नेलं. रात्रभर मात्र डोळा लागला नाही.

आज सकाळी सातला आम्ही टेबलाशी चहाला बसलो. तो पलीकडे, मी अलीकडे, मधे हातभर टेबल. खिडकीतून ऊन आलं होतं. तो कुणा हनुमंतची गोष्ट सांगत होता, रोज बसमधे डबा विसरतो म्हणून. मी त्याच्याकडे नवऱ्याकडे बघतात तसं नाही, पेशंटकडे बघतात तसं बघितलं.

माणसाचे डोळे किती अंतरावर बघतायत हे मला सांगावं लागत नाही, ते माझं काम आहे. हातभर लांब बसलेल्या माणसाकडे बघताना बुबुळं जवळजवळ सरळ असतात. त्याची आत होती. त्याची नजर माझ्यापर्यंत येत नव्हती. माझ्या अलीकडे थांबत होती, माझ्या तोंडापासून चार बोटांवर. तिथे बघून तो बोलत होता, तिथे बघून हसत होता.

"पवन," मी म्हटलं. "माझं नाक धर."

"काय पोरखेळ आहे सकाळी सकाळी?"

"धर ना. चिमटीत."

तो हसला. आत्ताच त्याने कप बरोबर उचलला होता, बिस्कीट बरोबर बुडवलं होतं, अंदाज कुठे चुकत नव्हता. हात लांबवला. हात माझ्याकडे आला, चार बोटं अलीकडे थांबला आणि चिमूट मिटली.

पुरती मिटली नाही. बोटांची टोकं एकमेकांना टेकली नाहीत. मधे जागा राहिली, नाकाच्या शेंड्याएवढी, आणि काहीतरी दाबल्यावर होतात तशी त्याची नखं पांढरी झाली. त्याने लाडाने चिमूट डावीकडे-उजवीकडे हलवली.

"केवढं गार पडलंय नाक तुझं," तो म्हणाला. "स्वेटर घाल."

नाक त्याच्या बाजूला होतं. म्हणजे पाठ माझ्याकडे होती. आणि पाठ करून ते कसं येतं, रोज किती पुढे येतं, ते मीच माझ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं.

मी ओरडायला हवं होतं. पण त्याने खुंटीवरची गाडीची किल्ली काढून बोटात अडकवली होती आणि तो शीळ घालत चपला शोधत होता. बोलले असते तर ती किल्ली गेली असती. मी बोलले नाही. तो गेला. थोड्या वेळाने फाट्यावरून दोनदा हॉर्न वाजला.

"आगं, च्या घे की," स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या. "पार निवला आसंल."

कप माझ्यासमोर होता. तो तोंडाशी आणायचा तर त्या चार बोटांमधून आणावा लागणार होता.

"घेते, आई," मी म्हटलं, आणि मान जराही पुढे न करता, खुर्चीच्या पाठीला टेकून तशीच बसून राहिले.